ईबेने घराची दारं वाजवून बघितली : २०२० च्या पोर्ट स्कॅनचं प्रकरण

मे २०२० चा शेवट. सगळं जग घरात बसलेलं, ऑफिसचं काम घरून, खरेदी घरून, आणि अशात सुरक्षा क्षेत्रातल्या काही लोकांच्या लक्षात आलं की ईबेची, म्हणजे ऑनलाइन खरेदीविक्रीची ती मोठी अमेरिकन बाजारपेठ, तिची साइट उघडली की ती आपल्याच कॉम्प्युटरच्या आत काहीतरी चाचपतीय. ब्राउझरमधे एक नेटवर्कचं पान असतं ना, ज्यात साइट कुणाकुणाशी बोलतीय ते दिसतं, तिथे ईबेच्या सर्व्हरच्या पत्त्यांमधे १२७.०.०.१ हा पत्ता परत परत दिसत होता. हा पत्ता म्हणजे आपलं स्वतःचंच मशीन, बाहेरचं काही नाही. चौदा वेगवेगळ्या पोर्टवर असे प्रयत्न होत होते. लॉगिन नाही, खरेदी नाही, नुसती साइट उघडली तरी.

मी तेव्हा एका ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत रिस्क टीममधे होते, फसवणुकीचे व्यवहार ओळखून थांबवणं हेच आमचं काम, त्यामुळे ही बातमी आली त्या दिवशी आमच्या ग्रुपवर दुसरं काही चाललंच नव्हतं. अर्ध्या लोकांचं म्हणणं होतं की बरोबरच केलं, चोर असेच पकडावे लागतात, आणि अर्ध्यांचं म्हणणं की हे दुसऱ्याच्या घरात डोकावणं आहे. मला दोन्ही पटत होतं आणि अजूनही बऱ्यापैकी पटतं, म्हणून हे प्रकरण नीट सगळं लिहून काढतीय.

आधी पोर्ट म्हणजे काय ते. चाळीचा पत्ता एकच असतो पण खोल्या वेगवेगळ्या, पत्र कुणाचं ते खोली नंबरवरून कळतं. कॉम्प्युटरचंही तसंच, पत्ता एक आणि खोल्या पासष्ट हजारांच्या वर, आणि काही खोल्यांमधे ठरलेले भाडेकरू राहतात. ३३८९ मधे विंडोजचं रिमोट डेस्कटॉप. ५९०० ते ५९०३ मधे व्हीएनसी. ५९३९ ला टीमव्ह्यूअर, ७०७० ला एनीडेस्क. ईबेच्या पानावरची स्क्रिप्ट, म्हणजे पानाबरोबर येऊन आपल्या ब्राउझरमधे चालणारा छोटा प्रोग्राम, नेमक्या याच जातीच्या खोल्या वाजवत होती, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायला जी सॉफ्टवेअर वापरतात त्यांच्या. आणि हे फक्त विंडोजवर, लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टिमवरून साइट उघडली तर ही खटखट होतच नव्हती. म्हणजे ज्याने हे बनवलं त्याला काय शोधायचंय ते पक्कं माहीत होतं, उगाच सगळीकडे जाळं टाकलेलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल की ब्राउझर असं करू कसं देतो, एका साइटला दुसऱ्या ठिकाणचा डेटा वाचता येत नाही ना? बरोबर आहे, वाचता येत नाही. पण वेबसॉकेट नावाची एक सोय आहे, चॅट वगैरे चालायला लागणारी, तिच्यातून पान कुठल्याही पत्त्यावर जोडणी करायचा प्रयत्न तरी करू शकतं. जोडणी होत नाही, एररच येते, पण एरर यायला किती वेळ लागला यावरून बरंच कळतं. चाळीतलंच बघा, दार वाजवलं, कुणीच उघडलं नाही, पण रिकाम्या खोलीचा आवाज वेगळा आणि आत माणूस असून त्याने उठून कडीपर्यंत येऊन मग नको म्हणून सांगितलं तर तो वेळ वेगळा. बंद पोर्ट लगेच नकार देतो, उघडा पोर्ट आधी थोडं ऐकून घेतो आणि मग भाषा जुळत नाही म्हणून सोडून देतो. या दोन्हीतला मिलिसेकंदांचा फरक मोजला की झालं. आत कोण राहतं हे न बघता आत कोणी आहे का ते कळलं.

ही स्क्रिप्ट मुळात ईबेची नव्हतीच. ती थ्रेटमेट्रिक्स नावाच्या कंपनीची, जी २००५ मधे ऑस्ट्रेलियात सुरू झाली आणि २०१८ मधे रेलेक्स ग्रुपने ५८ कोटी पाउंडांना विकत घेऊन आपल्या लेक्सिसनेक्सिस रिस्क सोल्युशन्समधे टाकली. पण स्क्रिप्ट यायची ती ईबेसारखं नाव असलेल्या एका पत्त्यावरून, त्याच्या मागे गेलं की थ्रेटमेट्रिक्सचा सर्व्हर निघायचा. कोड मुद्दाम गुंतागुंतीचा केलेला, वाचणाऱ्याला काही कळू नये असा. आणि निकाल पाठवायचा मार्ग म्हणजे एक चित्र मागितल्यासारखी साधी विनंती, त्या विनंतीच्या पत्त्यातच सगळी माहिती गुप्त भाषेत कोंबलेली. मला यातली लपवाछपवी तेव्हाही खटकली. चोराला कळू नये म्हणून लपवावं लागतं हे मान्य, पण मग ते घरमालकालाही कळत नाही.

हे का करावंसं वाटलं ते समजायला थोडं मागे जावं लागतं, आणि मला वाटतं या प्रकरणाचा सगळा अर्थ तिथेच आहे.

अमेरिकेत कार्डाचा नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे टाकले की बहुतेक ठिकाणी खरेदी होते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी पायरी सक्तीची केली, आधी तो पासवर्ड असायचा आणि नंतर ओटीपी आला, तसलं तिकडे सरसकट नाही. मग चोरीच्या कार्डावर खरेदी झाली, खऱ्या मालकाने बँकेकडे तक्रार केली, की पैसे परत जातात आणि फटका बसतो दुकानदाराला, मालही गेला आणि पैसेही गेले, याला चार्जबॅक म्हणतात. म्हणून तिकडच्या दुकानदारांना गिऱ्हाइकाला काही न विचारता, गपचूप, त्याच्या वागण्यावरून ओळखायची गरज पडली की हा खरा आहे का. प्रश्न विचारला की गिऱ्हाईक कंटाळून निघून जातं, त्यामुळे न विचारता ओळखणं यावरच सगळा धंदा उभा राहिला.

पहिली पद्धत मशीन ओळखायची. तुमच्या ब्राउझरचं व्हर्जन, स्क्रीनची मापं, टाइमझोन, बसवलेले फॉन्ट, भाषा, ग्राफिक्स कार्ड एखादं चित्र कसं काढतं, यातली एकेक गोष्ट साधी आहे पण सगळ्या एकत्र केल्या की जवळजवळ बोटाचा ठसा तयार होतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० मधे याची मोजणी केली होती, ४,७०,१६१ ब्राउझर तपासले आणि त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. मग सिस्टिमचं काम सोपं, रोज याच ठशाच्या मशीनवरून येणारा माणूस आज वेगळ्या मशीनवरून आला, आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, एका देशाचा आणि टाइमझोन दुसऱ्याच देशाचा, तर लाल दिवा.

चोरही बसून राहिले नाहीत. त्यांनी ठसेच चोरायला सुरुवात केली. जेनेसिस मार्केट नावाचा एक बाजारच होता, तिथे व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरमधून काढलेले पासवर्ड, कुकीज (साइटने ओळख पटवायला ब्राउझरमधे ठेवलेल्या चिठ्ठ्या) आणि ब्राउझरचा ठसा असा सगळा संच विकायला असायचा, आणि तो घालून बसायला वेगळा ब्राउझर पण मिळायचा. एप्रिल २०२३ मधे अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून तो बंद केला, तेव्हा अमेरिकेच्या न्याय खात्याने सांगितलं की १५ लाखांवर कॉम्प्युटरमधून चोरलेली माहिती तिथे होती, ८ कोटींच्या वर लॉगिन.

आणि याच्याही पुढची पायरी म्हणजे ठसा चोरायचाच नाही, सरळ माणसाच्या स्वतःच्या मशीनवर जाऊन बसायचं. जून २०१६ मधे टीमव्ह्यूअर वापरणाऱ्या बऱ्याच लोकांनी तक्रार केली की कुणीतरी लांबून आपल्या मशीनमधे शिरलं आणि आपल्याच ब्राउझरमधे सेव्ह असलेल्या पासवर्डने पेपल, ईबे, ॲमेझॉनवरून पैसे उडवले. टीमव्ह्यूअरचं म्हणणं होतं की आमच्यात घुसखोरी झालेली नाही, लोक एकच पासवर्ड सगळीकडे वापरतात म्हणून हे झालं. कारण काहीही असो, दुकानदाराच्या बाजूने बघितलं तर काय दिसतं? मशीन तेच, आयपी तोच, कुकी तीच, ठसा तोच, पासवर्डही बरोबर. सगळ्या परीक्षा पास. फक्त माउसवरचा हात दुसऱ्याचा.

तो हात कसा ओळखायचा? इथून वागणुकीचा अभ्यास सुरू होतो, आणि आमच्या कामात मला सगळ्यात जास्त रस यातच होता.

पानावर माउस हलला की ब्राउझर दर थोड्या मिलिसेकंदांनी सांगत राहतो, आता इथे आहे, आता इथे आहे. मशीनसमोरच बसलेल्या माणसाचा माउस एक बारीक वळणदार रेघ काढतो, बटणाजवळ आला की हळू होतो, कधी थोडा पुढे जाऊन मागे येतो. लांबून चालवलेला माउस नेटवर्कवरून तुकड्यातुकड्यात येतो, मधले ठिपके गळतात, रेघ तुटक होते, वेळेतला ताल बिघडतो. कीबोर्डचंही तसंच, एक बटण किती वेळ दाबून धरलं आणि ते सोडल्यावर पुढचं दाबायला किती वेळ घेतला, या दोन मापांवरून माणसाचा टायपिंगचा ताल काढता येतो, आणि हा ताल स्वतःचं नाव टाइप करताना सगळ्यात पक्का असतो कारण ते बोटांना पाठ असतं. चोराला फॉर्म पाठ असतो, कुठल्या रकान्यानंतर कुठला येतो ते तो डोळे मिटून सांगेल, पण जन्मतारीख टाकताना तो थांबतो किंवा कुठून तरी कॉपी करून पेस्ट करतो. खरा माणूस याच्या बरोबर उलट, फॉर्ममधे चाचपडतो आणि स्वतःची जन्मतारीख झटकन टाकतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच थक्क झाले होते.

एक गोष्ट २०१८ मधे छापून आली होती. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने मोठ्या खातेदारांसाठी बायोकॅच नावाच्या इस्रायली कंपनीची अशी सिस्टिम लावली होती. एका श्रीमंत ग्राहकाच्या खात्यात कुणीतरी लॉगिन केलं आणि माउसचं मधलं चाक फिरवून पान खाली नेलं, जे त्या ग्राहकाने आधी कधीच केलं नव्हतं. मग आकडे टाकले ते कीबोर्डच्या वरच्या ओळीतून, तो ग्राहक मात्र नेहमी बाजूच्या नंबर पॅडवरून टाकायचा. सिस्टिमने व्यवहार थांबवला. रक्कम सात आकडी होती आणि खातं खरोखरच हॅक झालेलं निघालं. इथे कुणाच्या मशीनची दारं वाजवायची गरज पडली नाही, ज्या पानावर तो आला होता त्या पानावर त्याने काय केलं एवढंच बघितलं.

आता परत ईबेच्या स्क्रिप्टकडे. पोर्ट उघडा सापडला म्हणजे नक्की काय सापडलं? एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर नीट इन्स्टॉल केलं असेल तर ते मशीन चालू झाल्यापासून मागे चालूच राहतं, कुणी जोडलेलं असो वा नसो. म्हणजे खोलीत भाडेकरू राहतो एवढंच कळलं, या क्षणी पाहुणा आलाय का ते कळत नाही. ही गोष्ट त्या वेळच्या चर्चेत फार कमी लोकांनी धरली असं मला वाटतं, आणि सिस्टिमला ती फार महागात पडू शकते.

आकडे घेऊन बघू, हे मी समजा म्हणून घेतलेत, ईबेचे नाहीत. समजा एक लाख लोक साइटवर आले आणि त्यातले ५० चोर. त्या ५० पैकी ४० जण रिमोट सॉफ्टवेअरमधून आलेत. उरलेल्या ९९,९५० प्रामाणिक लोकांपैकी ३ टक्क्यांच्या मशीनवर तसलं सॉफ्टवेअर चालू आहे, म्हणजे साधारण ३,०००. लाल दिवा लागला ३,०४० जणांवर, त्यात चोर ४०. म्हणजे ७६ मधे एक. आता मे २०२० घ्या, लॉकडाऊनमधे अर्धी ऑफिसं रिमोट डेस्कटॉपवर चाललेली, समजा ३ चे १० टक्के झाले. लाल दिवा १०,००० च्या वर लोकांवर आणि चोर तेवढेच ४०, अडीचशेत एक. ज्या महिन्यात ही खूण सगळ्यात जास्त निकामी झालेली होती नेमकी त्याच महिन्यात ती लोकांच्या नजरेत आली.

पण हीच खूण माउसच्या रेघेबरोबर जोडली तर चित्र बदलतं. समजा त्या ३,०४० पैकी ज्यांचा माउस या क्षणी लांबून चालवल्यासारखा तुटक आहे तेवढेच उचलले, त्यात ४० पैकी ३० चोर सापडले आणि ३,००० प्रामाणिकांमधले २ टक्के म्हणजे ६० सापडले. आता ९० मधे ३० चोर, तिनात एक. एवढ्यांना थांबवून एक जास्तीचा प्रश्न विचारणं परवडतं. म्हणूनच या सिस्टिम कुठल्याही एका खुणेवर निकाल देत नाहीत, प्रत्येक खुणेचे गुण धरून एक स्कोअर काढतात आणि स्कोअरप्रमाणे जाऊ द्यायचं, थांबवून विचारायचं की सरळ अडवायचं ते ठरतं. निदान तसं असायला पाहिजे. प्रत्यक्षात थांबवून विचारायला माणूस लागतो, माणसाला पगार लागतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी मधली पायरी गाळतात आणि सरळ अडवतात.

याचा फटका मी घरातच बघितला. माझे बाबा कराडला राहतात, शाळेतून रिटायर झालेले, जुन्या कॅमेऱ्यांचा नाद. २०२१ मधे त्यांना एका जुन्या कॅमेऱ्याचा एक भाग परदेशातल्या साइटवर मिळाला, खातं त्यांचं स्वतःचं, महिनोन्महिने रोज संध्याकाळी ते त्यावर नुसतं बघत बसायचे, एका बोटाने टाइप करत. पैसे भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला पुण्याला फोन लावला, "अगं तूच भर, मला ते पत्त्याचं काही कळेना." मी एनीडेस्कने त्यांच्या मशीनवर गेले, फोन स्पीकरवर, पत्ता टाकला, कार्डाचा नंबर ते वाचून दाखवत होते आणि मी टाकत होते, चार चार आकडे करून. बटण दाबलं आणि खातं बंद. सुरक्षेच्या कारणास्तव. तीन वेळा मेल केला, तिन्ही वेळा तेच ठरावीक उत्तर आलं, शब्दही तेच.

बाबांना फार लागलं ते. "चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, आता हे मला चोर म्हणतायत," असं म्हणाले आणि दोन दिवस त्यांनी कॉम्प्युटर उघडला नाही.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही ती वेगळ्या कारणाने. मी सिस्टिमच्या जागी बसून बघितलं तर आम्ही दोघं हुबेहूब तेच दिसत होतो जे पकडायला मी रोज ऑफिसात नियम लिहायचे. म्हातारा माणूस, हळू टाइप करणारा, आज अचानक पटापट टाइप करतोय. माउस तुटक. पोर्ट ७०७० उघडा. पहिल्यांदाच पैसे भरतोय. कार्डाचा नंबर चारचारच्या तुकड्यात, मधे थांबत, म्हणजे कुणीतरी सांगतंय आणि कुणीतरी लिहितंय. एकही खूण खोटी नव्हती. लेक बापाला मदत करतीय आणि भामटा म्हाताऱ्याला लुटतोय, या दोन्हीत स्क्रीनवर फरकच नाही, फरक आहे तो फक्त फोनवर काय बोलणं चाललंय त्यात, आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही. आमच्या कंपनीतही आम्ही असे किती बाबा अडवले असतील हे मला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. दुसऱ्या आठवड्यात मी टीममधे भांडून आमचा एक नियम बदलून घेतला, रिमोटची खूण असली तर सरळ बंद करायचं नाही, आधी फोन करायचा, आणि फोन करणाऱ्याने मराठी हिंदी दोन्हीत बोलायचं.

इथे भारताचा धागा जोडला जातो, कारण एनीडेस्कची भीती आपल्याकडे अजिबात खोटी नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मधेच बँकांना सावध केलं होतं की भामटे लोकांना एनीडेस्क टाकायला लावतात, नऊ आकडी कोड मागून घेतात आणि मग फोन त्यांच्या ताब्यात. आपल्याकडे ओटीपी आहे, त्यामुळे नुसतं कार्ड चोरून भागत नाही, चोराला माणसापर्यंतच पोचावं लागतं, एकतर त्याच्या स्क्रीनवर ओटीपी वाचायला नाहीतर त्याच्याच तोंडून काढून घ्यायला. म्हणून तर आता बऱ्याच बँकांची ॲप स्क्रीन शेअरिंग चालू असेल तर उघडतच नाहीत किंवा पलीकडच्याला काळी स्क्रीन दाखवतात. आणि डिजिटल अरेस्टसारख्या प्रकारात तर लांबचा हातही नसतो, माणूस स्वतःच्या हाताने, स्वतःच्या फोनवरून, स्वतःच पैसे पाठवतो. तिथे मशीनचा ठसा, पोर्ट, ओटीपी सगळं बरोबर येतं. उरतं ते फक्त वागणं: मधेच लांबलचक थांबणं, समोरचा बोलत असताना माउस उगाच गोल गोल फिरवत राहणं, कधी न पाठवलेली रक्कम कधी न पाठवलेल्या खात्यात. सप्टेंबर २०२५ मधे रिझर्व्ह बँकेने पेमेंटच्या पडताळणीचे नवे निर्देश काढले, १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यातही व्यवहाराचं ठिकाण, वापरणाऱ्याची वागणूक, डिव्हाइसची वैशिष्ट्यं बघून जोखमीप्रमाणे जास्तीची तपासणी करता येईल असं म्हटलंय. म्हणजे ईबेच्या निमित्ताने जे आपण परदेशातलं म्हणून वाचलं ते आता आपल्या बँकेच्या पानावरही आहे.

मग ईबेचं बरोबर की चूक? ते उघडकीला आल्यावर ईबेकडून जे उत्तर आलं ते अगदी मोघम होतं, ग्राहकांची प्रायव्हसी आणि सुरक्षा आमच्यासाठी महत्त्वाची वगैरे, स्कॅन का केलं, काय साठवलं, किती दिवस ठेवलं यावर काही नाही. नंतर शोधल्यावर तीच स्क्रिप्ट सिटीबँक, टीडी बँक, स्काय अशा आणखी बऱ्याच ठिकाणी सापडली, कुठे पान उघडल्या उघडल्या, कुठे फक्त लॉगिन करताना. आणि हे पहिलं प्रकरणही नव्हतं, २०१८ मधे ब्रिटनच्या हॅलिफॅक्स बँकेच्या साइटवर असंच सापडलं होतं आणि तिथल्या एका संशोधकाने विचारलं होतं की मी परवानगीशिवाय बँकेचे पोर्ट तपासले तर कायदा मला धरेल, मग बँकेने माझे तपासले तर?

माझं मत सांगते. पैसे भरायच्या पानावर, पैसे भरायच्या क्षणी, माउस कसा हलतो हे बघणं मला चालतं, दुकानात आलेल्या माणसाकडे दुकानदार बघणारच. दुकानात शिरायच्या आधी त्याच्या घरी जाऊन खोल्या वाजवून येणं मला चालत नाही, तेही न सांगता, दुसऱ्याच्या नावाची पाटी लावून. पोर्ट बघायचाच असेल तर लॉगिन नंतर बघा, आणि एका ओळीत सांगा की तुमच्या मशीनवर रिमोट सॉफ्टवेअर चालू आहे, हे तुम्हीच चालू केलंय का? हा प्रश्न विचारला तर चोराला फारसं काही नवं कळत नाही, त्याला माहीतच आहे तो कुठून आलाय. पण ज्याचं मशीन आहे तो समोर बसलेला असेल तर तो सावध होतो. लपवून ठेवण्यात सिस्टिमचा जो फायदा आहे त्यापेक्षा हे विचारण्यात त्या म्हाताऱ्या माणसाचा फायदा मोठा आहे, असं मला सहा वर्षं हे काम करून वाटतं.

ब्राउझरवाल्यांनी मात्र नंतर बरंच केलं. यूब्लॉक ओरिजिन या जाहिराती अडवणाऱ्या, ब्राउझरला जोडायच्या सॉफ्टवेअरमधे बाहेरच्या साइटने घरच्या नेटवर्कवर हात घातला तर अडवायची यादी आली. ब्रेव्ह ब्राउझरने २०२३ मधे ठरवलं की साइटला लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच मशीनच्या त्या पत्त्यावर, जायचं असेल तर परवानगी लागेल, आणि क्रोमनेही २०२५ मधे घरच्या नेटवर्कसाठी परवानगी विचारायची खिडकी आणायला सुरुवात केली. त्यामुळे दारं वाजवायचा हा मार्ग हळूहळू बंद होतोय आणि सिस्टिमचा सगळा भर पानावरच्या वागण्यावर जातोय. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटाचा कायदा संमतीवर उभा आहे, पण गुन्हा रोखायला आणि शोधायला वापरलेल्या डेटाला त्यात सूट पण आहे, तेव्हा माझ्या बाबांच्या टायपिंगचा ताल कुणाकडे किती वर्षं पडून राहणार हा प्रश्न त्याने सुटलेला नाही.

बाबांनी दुसऱ्या साइटवर नवीन खातं काढलं. तो कॅमेऱ्याचा भाग तिथे नाही मिळाला, वेगळाच एक मिळाला. एनीडेस्क आम्ही कायमचं इन्स्टॉल ठेवत नाही आता, लागलं की तेवढ्यापुरतं चालवायचं आणि काम झालं की बंद. पैसे ते स्वतःच भरतात, एका बोटाने, पत्ता मी एका कागदावर इंग्रजीत लिहून दिलाय तो बघून. आणि बँकेचं पान उघडायच्या आधी दरवेळी फोन करून विचारतात, "तू आत नाहीयेस ना गं?"